एकतीस टक्क्यांची थाप

आमच्या भाऊजींना सगळा बाजार घाबरतो आणि भाऊजी आमच्या ताईला घाबरतात. पहिल्याचं कारण त्यांची नोकरी. दुसऱ्याचं कारण ज्यांनी ताईला पाहिलंय त्यांना सांगायला नको.

भाऊजी वजनमाप निरीक्षक आहेत. दुकानादुकानांत जाऊन तराजू खरे आहेत का, लिटरचं माप लिटरभरच आहे का, हे तपासायचं त्यांचं काम. बरोबर एक लाकडी पेटी असते. तिच्यात खाचाखाचांत बसवलेली पितळी वजनं. ती ते बोटांनी उचलत नाहीत, चिमट्याने उचलतात, कारण बोटाच्या घामानेसुद्धा वजन बदलतं म्हणे. मी त्यांच्या समोरच्याच घरात राहते, त्यामुळे असा माणूस घरात असला की काय होतं ते मला फुकटात बघायला मिळतं.

भाऊजी भाजी आणायला गेले की भाजीवाल्याचे हातपाय गार पडतात. तो भीतीपोटी एक टोमॅटो जास्त टाकतो. भाऊजी तो काढायला लावतात. "कमी जसं चूक, तसं जास्तही चूकच," असं शांतपणे समजावतात. मग तो बिचारा त्याहून बारका टोमॅटो शोधत बसतो आणि मागे उभी असलेली माणसं भाऊजींच्या सात पिढ्यांची आठवण काढतात. हल्ली ताई त्यांना फक्त पिशवी धरायला नेते, आणि तोंड उघडायचं नाही या अटीवर.

घरातलं घड्याळ, थर्मामीटर, स्वयंपाकघरातला काटा, सगळ्यांची त्यांनी खरडपट्टी काढून झालेली आहे. एकदा मी नको नको म्हणत असताना माझ्या घरचा वजनकाटाही तपासला. तो कमी दाखवत होता. म्हणजे इतकी वर्षं मी समजत होते त्यापेक्षा बरीच भरदार होते. हे त्यांनी मला आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं. त्यानंतर आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही आणि त्यांना ते कळलंही नाही.

तर अशा माणसाच्या घरात एक माप खोटं निघालं. लॅपटॉपच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात बॅटरीचं चिमुकलं चित्र असतं ना, ते.

ताई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतं की आधीचं बरं होतं?" हे ती कित्येक वर्षं करत आली आहे. सवयीने घरीही तेच विचारते. मी नवा ड्रेस घालून आले तरी, "आता बरी दिसतेस की आधी बरी होतीस?" ती खोली म्हणजे तिचं राज्य. पोरंसोरं, म्हातारीकोतारी, सगळी तिच्यासमोर मान सरळ ठेवून गप्प बसतात. मग नियम बदलला. प्रमाणपत्र असल्याशिवाय त्या यंत्राला हात लावायचा नाही. परीक्षा वर्षातून एकदा, घरी बसून, लॅपटॉपवर. गेल्या वर्षी ताई बसली. पेपर मध्यावर आला आणि आमच्या इमारतीची वीज गेली. घाबरायचं कारण नव्हतं. इंटरनेट मोबाइलवरून घेतलं होतं, आणि कोपऱ्यातलं चित्र म्हणत होतं, बॅटरी एकतीस टक्के. ताईने ते पाहिलं आणि निर्धास्तपणे पुढचा प्रश्न वाचायला घेतला. तो वाचून व्हायच्या आत पडदा काळा झाला. पेपर बाद.

दुकानाच्या मालकांनी ताईला पुढच्या काउंटरवर आणलं. तिथे फ्रेमी पुसायच्या, गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायच्या आणि "छान दिसतंय" म्हणायचं. छान दिसत नसलं तरी म्हणायचं, हे ताईला सगळ्यात जड गेलं. मालक वाईट नाहीत. त्यांनी स्पष्ट सांगितलं, पुढच्या वर्षीही नाही जमलं तर मागच्या खोलीसाठी दुसरं कायमचं माणूस घ्यावं लागेल.

आता लॅपटॉप होता भाऊजींचा. तपासणीचे अहवाल लिहायला घेतलेला, आणि जुना. वर्षानुवर्षं तो रात्रंदिवस चार्जरला लावून ठेवलेला असायचा, तोही गादीवर, उशीला टेकून. म्हणजे साऱ्या गावाची मापं तपासणाऱ्याने घरातलं हे एक माप कधी तपासलंच नव्हतं. आणि ताई त्यांना त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही.

हे किती भयंकर आहे ते बाहेरच्याला कळणार नाही. ओला टॉवेल पलंगावर टाकला तर ताई अर्धा तास बोलते. त्यात मागचे सगळे टॉवेल येतात, भाऊजींच्या बहिणींकडचे टॉवेलही येतात. आणि इथे वर्ष वाया गेलं, खुर्ची गेली, आणि ताईने नुसतं "असू दे" म्हणून पुस्तकं कपाटात ठेवली. ती आज बोलेल, उद्या बोलेल म्हणून भाऊजी वाट बघत राहिले. एकदा जिन्यात मला गाठून म्हणाले, "अगं, एकदा रागावली असती तर सुटलो असतो. ती मला भाजी वाढते, पाणी देते, आणि बोलत काहीच नाही. घास उतरत नाही गं."

मी म्हटलं, "मग तुम्हीच विषय काढा."

"काढला होता. असू दे म्हणाली."

मग भाऊजींनी बॅटरी मनावर घेतली. लॅपटॉप घेऊन ते दुरुस्तीवाल्याकडे गेले. सोबत मीही होते, कारण गंमत चुकवायची नव्हती. दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाला, "काका, याला आता निवृत्त करा. नवीन घ्या."

भाऊजी म्हणाले, "मला बॅटरी नवी नकोय. ती एकतीस म्हणाली आणि बंद पडली. हे खोटं ती का बोलली, ते सांगा."

दुरुस्तीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मग त्याने समजावलं. बॅटरी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो आकडा. बॅटरी म्हातारी होत जाते, तिच्यात मावतं कमी कमी. पण आकडा दाखवणाऱ्या यंत्राला ते कोणी सांगितलेलंच नसतं. ते आपलं जुन्याच हिशोबाने एकतीस, तीस म्हणत बसतं. टाकी निम्मी गाळाने भरावी आणि काटा मात्र वरच्या पाण्यावर डुलत राहावा, तसं. त्यावर उपाय एकच. बॅटरी पूर्ण भरायची, थंड होऊ द्यायची, मग पार बंद पडेपर्यंत वापरायची, तशीच काही तास पडू द्यायची आणि पुन्हा मध्ये न थांबता काठोकाठ भरायची. म्हणजे आकड्याला कळतं की तळ कुठे आहे आणि काठ कुठे. याला कॅलिब्रेशन म्हणतात.

"कॅलिब्रेशन!" भाऊजी असे उजळले, जसं काही परक्या गावात कोणी आपल्या शाळेतलं भेटावं. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलंय काय?

त्या दिवसापासून लॅपटॉप घरातला आजारी माणूस झाला. गादीवर ठेवायचा नाही, खालून गरम होतो. खिडकीत ठेवायचा नाही, वरून गरम होतो. एरवी ऐंशीच्या वर भरायचा नाही, विसाच्या खाली उतरू द्यायचा नाही. ऐंशी झाले की भाऊजी जिथे असतील तिथून उठायचे, खोलीत जायचे आणि बटण बंद करायचे. दाढी अर्धी झालेली असली तरी. पुढेपुढे हाताला अशी सवय लागली की ते ज्या खोलीतून निघतील तिथलं बटण आपोआप बंद व्हायला लागलं. माझ्या घरी येऊन गेले की माझी इस्त्री थंड, मोबाइल उपाशी. आणि महिन्यातून एक रविवार कॅलिब्रेशनचा. त्या दिवशी लॅपटॉप टेबलावर निपचित पडलेला आणि भाऊजी दबक्या पावलांनी फिरणारे. कोणी मोठ्याने बोललं की "शूऽऽ" करायचे. त्याला आवाजाने काय होणार होतं, ते विचारायची हिंमत कोणाला झाली नाही.

"नवीन घ्या ना मुकाट्याने!" हे मी दर रविवारी म्हणायचे. नवी बॅटरी त्यांनी आणून पाहिली होती. ती कुठल्या तरी भलत्याच कारखान्याची निघाली आणि फुगून लॅपटॉप टेबलावर डुलायला लागला. नव्या लॅपटॉपला ताईनेच साफ नकार दिला. परीक्षेच्या वर्षात नव्या यंत्राशी ओळख करून घ्यायला तिला वेळ नव्हता. माझा देऊ केला तर तो ऑफिसचा, त्यात परीक्षेचा प्रोग्रॅम शिरेना. म्हणजे फिरून फिरून गाडी त्या म्हाताऱ्यापाशीच.

पहिलं कॅलिब्रेशन झालं त्या दिवशी भाऊजी ताईसमोर जाऊन उभे राहिले. "आकडा खरा झाला."

"मग? किती वेळ चालेल आता?"

"सव्वा तास. फार तर दोनचार मिनिटं वर."

"आधी किती दाखवत होता?"

"तीन तास."

ताईने जरा विचार केला. "म्हणजे एवढा खटाटोप करून बॅटरी वाढली नाही, उलट कमी निघाली?"

"कमी नाही गं. खरी निघाली."

"बरं," म्हणून ताई पुस्तकाकडे वळली. तिने पुस्तक फेकून मारलं असतं तर भाऊजींना बरं वाटलं असतं.

परीक्षेचा दिवस आला. पेपरही सव्वा तासाचाच, म्हणजे भाऊजींच्या काठोकाठ भरलेल्या बॅटरीएवढा. पण तसं काळजीचं कारण नव्हतं, चार्जर लावलेला राहणार होता, बॅटरी फक्त वीज गेली तर. परीक्षेचे नियम तुरुंगासारखे. लॅपटॉपचा कॅमेरा तुमच्याकडे बघत असतो. जागेवरून उठायचं नाही. इकडेतिकडे बघायचं नाही. दुसरं माणूस दिसलं की पेपर रद्द. आवाज ऐकू आला की ताकीद, पुन्हा आला की रद्द. म्हणून टेबल खोलीच्या मधोमध आणलं, ताईच्या पाठीशी कोरी भिंत. खोलीला दार नाही, पडदा आहे, तो बाजूच्या भिंतीत. विजेचा बोर्ड समोरच्या भिंतीत, खाली जमिनीलगत. भाऊजींनी आवाज नको म्हणून टेबलफॅन बंद केला, फ्रिज बंद केला, दाराची बेल काढून खिशात टाकली. शेवटी बोर्डापाशी वाकून चार्जरची वायर तपासली, दिवा लागलेला पाहिला, कमरेवर हात ठेवून उठले आणि मला म्हणाले, "तू पडद्याबाहेर बस. मी खाली मीटरच्या खोलीत थांबतो. मुख्य बटणाला आज कोणाला हात लावू देत नाही."

आणि खरंच ते तिथे जाऊन उभे राहिले. नंतर वॉचमनने सांगितलं की साहेबांनी लिफ्टवाल्याला परत पाठवलं, एका बाईंना आज कपडे धुवायचं मशीन लावू नका म्हणून विनवलं, आणि तो स्वतः बिडी ओढायला आत डोकावला तर त्यालाही हाकलून दिलं.

मी पडद्याबाहेर स्टुलावर बसले होते. पेपर निम्म्याच्या पुढे गेला असेल. पडद्याच्या फटीतून सहज नजर टाकली. चार्जरचा हिरवा दिवा बंद होता. मी वर पाहिलं, बाहेरच्या वाटेवरचा बल्ब छान चालू होता. म्हणजे वीज होती. बोर्डावरचं बटण बंद होतं. ते कोणी बंद केलं असेल याचा विचार करायला मला एक क्षणही लागला नाही.

स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. भाऊजी दबक्या आवाजात म्हणाले, "काळजी नको. मुख्य बटण ठीक आहे. मी डोळ्यांत तेल घालून उभा आहे."

"भाऊजी, वीज आहे. चार्जरचं बटण बंद आहे. तुम्ही उठताना बंद केलंत."

मग जिन्यात धपधप धपधप, आणि भाऊजी दारात. तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, आता हे इथेच आडवे होतात. झालेच, पण वेगळ्या कारणाने. त्यांनी चपला काढल्या, घड्याळ काढलं, खिशातली बेल आणि किल्ल्या माझ्या ओंजळीत ओतल्या, जमिनीवर टक्कन वाजू नये म्हणून चष्माही काढून माझ्याकडे दिला, आणि फरशी पुसायच्या काठीचा दांडा घेऊन पडद्याखालून पोटावर सरपटत आत गेले. इतक्या वर्षांची सरकारी नोकरी, पण या माणसाला मी असं लवचीक होताना कधी पाहिलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या नजरेखालून, टेबलाच्या कडेने, एका वेळी एक कोपर. दांडा पुढे करून त्यांनी बोर्डावर नेम धरला.

आता चष्मा माझ्याकडे. बोर्डावर बटणं दोन. भाऊजींनी दाबलं आणि टेबलफॅन सुरू झाला.

पडदा फडफडत वर उडाला. ताईचे केस उडाले. कॅलेंडर भिंतीवर आपटायला लागलं. लॅपटॉप 'टिंग' वाजला, ती ताकीद होती. ताई पुतळ्यासारखी लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बसलेली, चेहऱ्यावर रेघ नाही. पण टेबलाखाली तिचा उजवा पाय उचलला गेला आणि जोरजोरात हलायला लागला. चालते व्हा. असं स्पष्ट बोलणारा पाय मी आजवर पाहिलेला नाही. भाऊजींनी दांड्याने पंखा बंद केला, पुन्हा नेम धरायला लागले, तर तो पाय सरळ त्यांच्या खांद्यावर बसला. भाऊजी आले तसे मागे मागे सरपटत बाहेर आले. उलटं सरपटणं जास्त अवघड असतं असं दिसलं.

बाहेर ते भिंतीला टेकून जमिनीवर बसले. शर्टाला सगळ्या घराची धूळ. मी चष्मा दिला तर घालायचं भान नाही. हळूच म्हणाले, "संपेल गं ती. पेपर संपायच्या आधी संपेल."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. बारा महिने या माणसाने त्या डबड्याची बाळासारखी काळजी घेतली होती. मी म्हटलं, "सव्वा तास चालते असं तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"जेमतेम सव्वा तास. आणि तेव्हा कॅमेरा चालू नव्हता."

आत ताईच्या बोटांचा आवाज येत होता, ठाम, सावकाश. मध्येच थांबायचा आणि भाऊजींचा श्वास थांबायचा. पुन्हा सुरू झाला की तेही सुरू व्हायचे. फटीतून बघायला त्यांचा धीर होईना, आणि मी बघितलं की "काय दिसतंय" म्हणून माझा दुपट्टा ओढायचे. एकदा तर आवाज बराच वेळ आलाच नाही. भाऊजींनी डोळे मिटून घेतले.

खुर्ची सरकली. पडदा बाजूला झाला आणि ताई बाहेर आली.

"झाला पेपर," ती म्हणाली. "निकालही दाखवला त्यांनी. पास."

भाऊजी उठायला गेले आणि पुन्हा बसले. "किती... किती राहिली होती?"

"पाच टक्के. पाच दाखवत होतं तेव्हा पाचच होते, हे मला माहीत होतं. लांबलचक प्रश्न शेवटी ठेवले आणि आकडा बघून बघून वेळेआधीच सोडवले. गेल्या वर्षी असं बघता आलं असतं तर..." तिने भाऊजींकडे पाहिलं, त्यांच्या शर्टाकडे, हातातल्या दांड्याकडे. तिचा आवाज चढला. "गेल्या वर्षी बघितलंत का हो एकदा तरी? साऱ्या बाजाराचे काटे तपासता आणि घरातल्या बॅटरीला उशी देऊन झोपवता? एकतीस! एकतीस बघून तोंडावर पडले मी! वर्षभर लोकांच्या नाकावर फ्रेमी चढवल्या, छान दिसतंय छान दिसतंय म्हणत! आणि आज? आज तर वीज गेलीये म्हणून मी जीव मुठीत धरून बसलेय आणि इकडे पंखा! पंखा लागल्यावर कळलं मला, वीज आहे, बटण तुम्ही बंद केलंय! कोणी शिकवलं हो तुम्हाला जिथे तिथे बटणं बंद करायला? आणि तो फरशीचा दांडा माझ्या पायाला लावलात, ओला होता तो!"

तिने मागचे टॉवेल काढले. भाऊजींच्या बहिणींचे टॉवेल काढले. माझाही उद्धार झाला, कारण मी तिथे होते. शेजारच्या घराचं दार उघडलं आणि गुपचूप पुन्हा मिटलं. भाऊजी भिंतीला टेकून ऐकत होते. धुळीने माखलेल्या त्या तोंडावर असं समाधान पसरलं होतं की मला हसू आवरेना आणि रडूही.

बोलता बोलता ताई दम घ्यायला थांबली. भाऊजींनी घाईने मान वर केली.

"अगं, थांबलीस का?" ते म्हणाले. "बोल ना."